दगडातले लाकूड वाचणारा माणूस : डॉ. बिरबल साहनी

आमच्या तिरोडीचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक झाले ते मँगनीजमुळे. तुमसर रोडहून निघणारी आगगाडीची शाखा येथवर आली तीही ह्या काळ्या खनिजासाठीच. पण भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आमच्या गावाचे नाव दुसऱ्या एका कारणानेही कायमचे नोंदले गेले आहे. आमच्या पायाखालच्या पट्टेदार दगडाला शास्त्रज्ञ तिरोडी नाइस म्हणतात. हा दगड दीडशे कोटी वर्षांहून जुना आहे. तो तयार झाला तेव्हा जमिनीवर झाड नव्हते, झुडूप नव्हते, गवताची काडीसुद्धा नव्हती. म्हणून आमच्याकडच्या ह्या दगडात कोणी झाडाचा अवशेष शोधू लागला तर त्याचे श्रम व्यर्थ जातील.

मात्र येथून सरळ पश्चिमेला, सुमारे शंभर किलोमीटरवर, सौसर लागते. तेथेही घरोघरी मराठी बोलली जाते, आणि आमच्यापैकी अनेकांचे सोयरसंबंध त्या बाजूला आहेत. सौसरच्या परिसरात आणि छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे शेताच्या बांधावर, नाल्याच्या काठी असे दगड सापडतात की जे पाहून मनुष्य थबकतो. बाहेरून लाकूड दिसते, तंतू दिसतात. हातात घेतले तर वजन दगडाचे. ठिणगी पडेल इतका तो टणक असतो.

ह्या दगडांत काय लिहिले आहे हे ज्यांनी मोठ्या चिकाटीने वाचले त्यांत पहिले नाव डॉ. बिरबल साहनी ह्यांचे घ्यावे लागते. साहनी आमच्या भागातले नव्हते. ते जन्मले पंजाबात, राहिले लखनौला. पण आमच्या शेजारच्या मातीची कहाणी त्यांनी जगाला सांगितली. म्हणून ह्या वेळी त्यांच्या जीवनाची ओळख वाचकांस करून द्यावी असे आम्हांला वाटले.

पुस्तकांचे गाठोडे

बिरबल साहनी ह्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी भेरा ह्या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. जवळच मिठाच्या खाणींचे प्रसिद्ध डोंगर आहेत. त्या डोंगरांत नाना काळांचे खडक उघडे पडलेले असल्याने ते भूगर्भशास्त्राचे एक संग्रहालयच समजले जाते. लहानपणी सुटीत ह्या भागात येणे-जाणे असल्यामुळे दगडांची ओळख बिरबलांना फार लवकर झाली.

त्यांचे वडील रुचीराम साहनी हे लाहोरच्या गव्हर्मेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ते स्वतः मोठ्या कष्टातून वर आले होते. घरची सुबत्ता बुडाली तेव्हा शिकण्यासाठी पाठीवर पुस्तकांचे गाठोडे घेऊन डेरा इस्माईल खानहून झंगपर्यंत सुमारे दीडशे मैल ते पायी चालत गेले होते. अशा बापाच्या घरात विद्येची किंमत मुलांना वेगळी शिकवावी लागली नाही. रुचीराम ब्राह्मो विचारांचे, समाजसुधारणेचे अभिमानी होते. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही शिकवले पाहिजे असे ते मानीत. आईचे नाव ईश्वरदेवी.

बिरबलांचे शालेय शिक्षण लाहोरच्या मिशन शाळेत आणि सेंट्रल मॉडेल शाळेत झाले. पुढे गव्हर्मेंट कॉलेजात त्यांना प्रा. शिवराम कश्यप हे वनस्पतिशास्त्राचे गुरू लाभले. ह्या गुरूंबरोबर हिमालयात हिंडून त्यांनी वनस्पती गोळा केल्या. १९११ साली ते बी. एस्सी. झाले आणि त्याच वर्षी केंब्रिजला गेले.

मुलाने आय. सी. एस. व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्या काळी कोणत्या बापाची ती नसेल? त्या नोकरीत मान होता, पैसा होता, हुकमत होती. बिरबलांनी वडिलांचा अवमान केला नाही. आज्ञाच असेल तर जाईन, पण माझे मन वनस्पतिशास्त्रात आहे, अशा आशयाचे त्यांनी नम्रपणे सांगितले. रुचीरामांनी मुलाचे मन ओळखले आणि हट्ट सोडला. एक कलेक्टर कमी झाला, पण देशाला एक शास्त्रज्ञ मिळाला.

झाडाच्या आतले नळ

केंब्रिजला प्रा. ए. सी. सेवर्ड ह्यांच्या हाताखाली साहनी काम शिकले. काही काळ जर्मनीत म्यूनिक येथे प्रा. गोबेल ह्यांच्याकडेही ते होते. त्यांचा विषय होता वनस्पतींची अंतर्रचना, आणि त्यातही पाणी व अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतींचा अभ्यास. हा विषय काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यांच्या पुढच्या सर्व कार्याची किल्ली त्यातच आहे.

झाड मुळांनी पाणी घेते आणि ते शेंड्यापर्यंत पोहोचवते. पाने अन्न तयार करतात आणि ते मुळांपर्यंत उतरते. ह्यासाठी झाडाच्या अंगात बारीक बारीक नळ्या असतात. पाणी चढवणाऱ्या जलवाहिन्या आणि अन्न उतरवणाऱ्या रसवाहिन्या अशा दोन प्रकारच्या नळ्यांचे जुडगे सबंध झाडभर पसरलेले असते. ज्वारीचा धांडा आडवा कापून पाहा. मऊ गरात सगळीकडे विखुरलेले ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे असे एक जुडगे. शिंदीचे खोड कापले तरी असेच ठिपके दिसतात. पण सागाचा ओंडका कापला तर ठिपके नाहीत. तेथे एकात एक वर्तुळे आहेत आणि त्यांत सुईच्या टोकाएवढी छिद्रे आहेत. नेचाचा देठ कापावा तर आणखी तिसरीच नक्षी.

म्हणजे पान, फूल, फळ काही हाती नसले, केवळ खोडाचा तुकडा असला, तरी आतल्या नळ्यांची मांडणी पाहून ते झाड कोणत्या कुळातले हे जाणकार सांगू शकतो. शिवाय ह्या नळ्यांच्या भिंती जाड आणि चिवट असल्याने मऊ भाग कुजून गेला तरी त्या टिकून राहतात. लाखो वर्षांनंतर जे उरते ते बहुधा हेच.

साहनींनी सुरुवात केली ती जिवंत झाडांपासून. १९१५ आणि १९१६ साली त्यांनी नेफ्रोलेपिस नावाच्या नेचावर निबंध प्रसिद्ध केले. आपल्याकडे पुष्कळ घरांत हा नेचा कुंडीत लावलेला असतो. त्याच्या काही जातींना दोऱ्यासारखे बारीक धुमारे फुटतात आणि त्यांवर लहान गाठी धरतात. धुमाऱ्यात वाहिन्यांचा एकच भरीव दोर असतो. तो गाठीत शिरला की फुलतो, पोकळ होतो आणि जाळीदार पिंजऱ्यासारखा पसरतो. कुंडीतल्या झाडाची ही गोष्ट शेकडो लोकांच्या डोळ्यांसमोर होती, परंतु तिचा माग नळीनळीने त्यांनी घेतला. पुढे त्यांनी अतिप्राचीन नेचांच्या अवशेषांवर काम केले, न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या ॲक्मोपाइल ह्या दुर्मिळ सूचिपर्णी वृक्षाची सबंध अंतर्रचना मांडली. १९१९ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. ही पदवी दिली. ह्याच सुमारास भारतीय विद्यार्थ्यांना परक्या देशातील झाडांची उदाहरणे शिकावी लागू नयेत म्हणून लॉसनच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाची भारतासाठी सुधारलेली आवृत्ती तयार करण्यातही त्यांनी भाग घेतला. अनेक पिढ्यांनी ते पुस्तक वापरले.

लखनौचा प्राध्यापक

१९१९ साली साहनी स्वदेशी परतले. बनारस आणि लाहोर येथे थोडा काळ शिकवल्यावर १९२१ साली नव्यानेच निघालेल्या लखनौ विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १९२० साली त्यांचा विवाह सावित्री सुरी ह्यांच्याशी झाला. ह्या बाईंचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्यांच्याविषयी सांगायचे आहे.

साहनी खादी वापरीत. सतार आणि व्हायोलिन वाजवीत. फावल्या वेळी मातीच्या मूर्ती घडवीत. फळ्यावर चित्रे काढताना त्यांचे दोन्ही हात सारख्याच सफाईने चालत असे त्यांचे विद्यार्थी सांगत. मोठ्या पदावर असूनही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

हाताने काम करण्याची ही सवय त्यांच्या शास्त्राला आवश्यकच होती. दगड झालेले लाकूड सूक्ष्मदर्शकाखाली असेच ठेवता येत नाही. प्रथम त्याचा काप काढायचा, तो काचेवर चिकटवायचा आणि बारीक पुडीवर घासत घासत इतका पातळ करायचा की त्यातून उजेड आरपार जाईल. थोडे कमी घासले तर काही दिसत नाही. थोडे जास्त घासले तर लाखो वर्षे टिकलेली वस्तू क्षणात नाहीशी होते. असे काप एकामागून एक तयार करून त्यांवरून सबंध झाड मनात उभे करायचे असते.

पूर्वेकडील राजमहाल टेकड्यांतील अवशेषांवर त्यांनी असे काम केले. १९३२ साली त्यांनी विल्यमसोनिया नावाच्या नष्ट झालेल्या झाडाचे खोड, पाने आणि फूल जुळवून संपूर्ण चित्र उभे केले आणि त्याला आपल्या गुरूंचे, सेवर्ड ह्यांचे, नाव दिले. त्याच वर्षी तेथल्याच एका लाकडाचे वर्णन त्यांनी होमोझायलॉन ह्या नावाने केले. सागात दिसणाऱ्या छिद्रांसारख्या रुंद नळ्या ह्या लाकडात मुळीच नव्हत्या. १९४८ साली त्यांनी पेंटोझायली नावाचा वनस्पतींचा एक संपूर्ण नवा गटच जगापुढे मांडला. त्याच्या खोडात लाकडाचे सामान्यतः पाच निरनिराळे स्तंभ शेजारीशेजारी असत. म्हणून हे पंच-काष्ठ अर्थाचे नाव. १९२९ साली केंब्रिजची एस्सी. डी. ही पदवी मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले, आणि १९३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य निवडले.

आमच्या शेजारची साक्ष

आता सौसर आणि मोहगाव कलानकडे वळू. महाराष्ट्रापासून मध्य प्रदेशापर्यंत लाखो चौरस किलोमीटर प्रदेश काळ्या पाषाणाने झाकलेला आहे, हे वाचकांस ठाऊक आहे. जमिनीला भेगा पडून तप्त रस वाहिला आणि थरावर थर साचले. पण हे एका दमात झाले नाही. दोन थरांच्या मधल्या काळात जमीन थंड होई, तळी साचत, झाडे उगवत. मग पुन्हा रस येई आणि सर्व गाडून टाकी. ह्या मधल्या गाळात पडलेल्या झाडांत गारेचे द्रव्य पाण्याबरोबर शिरले आणि पेशी न् पेशी दगडाची झाली. म्हणून मोहगावचा एखादा तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर कालच कापलेल्या शिंदीसारखे ठिपके स्पष्ट दिसतात.

प्रश्न असा होता की हा सर्व प्रकार घडला केव्हा? जुने भूगर्भशास्त्रज्ञ म्हणत, क्रिटेशस युगात, म्हणजे राक्षसी सरड्यांच्या काळात. साहनींना झाडांची साक्ष निराळी दिसली. १९३४ साली त्यांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. भूवैज्ञानिक के. पी. रोडे ह्यांच्याबरोबर त्यांनी १९३७ साली मोहगावच्या वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत ताडकुळातील लाकडे होती, आणि निपा नावाच्या ताडाचे फळ होते. बंगालच्या सुंदरबनात ह्या झाडाला गोलपाता म्हणतात. ते भरती-ओहोटीच्या चिखलात वाढते. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या छिंदवाड्यात एके काळी खाडीकाठचे झाड होते ही कल्पनाच मनाला थक्क करते.

सौसरच्या दगडांत त्यांना आणि एच. एस. राव ह्यांना ॲझोला हा पाण्यावर तरंगणारा चिमुकला नेचा सापडला. आज शेतकरी भाताच्या बांधीत खत म्हणून जो ॲझोला सोडतात त्याचाच हा प्राचीन भाऊबंद. नखाएवढे ते झाड, पण त्याचे बीजुकांचे पुंजकेसुद्धा दगडात शाबूत होते. मोहगावच्याच एका कोड्यात टाकणाऱ्या फळाला साहनींनी १९४३ साली एनिग्मोकार्पॉन हे नाव दिले आणि त्यापुढे केंब्रिजपासूनचे आपले मित्र, ओरिसाचे प्राणकृष्ण परिजा, ह्यांचे नाव जोडले. आपली मेंदी, धायटी आणि तामण ज्या कुळातली त्याच कुळाशी ह्या फळाचे नाते त्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी नागपूरचे प्रा. व्ही. बी. शुक्ल ह्यांनी तेथलेच एक दगड झालेले फूल वर्णिले, ते ह्याच झाडाचे असल्याचे दाखवले आणि त्या फुलाला साहनींचे नाव दिले. एका विद्वानाने फळ ओळखावे, दुसऱ्याने फूल आणून जोडावे, असे हे काम पुढे सरकत गेले. पुण्याचे प्रा. टी. एस. महाबळे ह्यांनीही पुढे ह्या दगडी ताडांचा अभ्यास केला.

ह्या पुराव्यावरून साहनींनी ठाम मत दिले की काळ्या पाषाणाचे हे थर क्रिटेशस युगातले नसून त्यानंतरच्या टर्शरी युगाच्या आरंभीचे आहेत. १९४० साली मद्रासला भरलेल्या सायन्स काँग्रेसचे ते अध्यक्ष होते, आणि अध्यक्षीय भाषणाचा विषय त्यांनी हाच निवडला. मोठमोठ्या भूगर्भशास्त्रज्ञांपुढे एका वनस्पतिशास्त्रज्ञाने उभे राहून, केवळ झाडांच्या नळ्या आणि फळे ह्यांच्या आधाराने, सबंध दख्खनच्या पाषाणाचे वय बदलायला सांगणे ही लहान गोष्ट नव्हती.

आज किरणोत्सारी मोजणीने ठरले आहे की ह्या लाव्हाचा मुख्य भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे बरोबर त्या दोन युगांच्या सीमेवर बाहेर पडला. काही थर अलीकडचे, काही पलीकडचे. निपा आणि ॲझोला हेही साहनींना वाटले त्याहून जुने आहेत असे आता दिसून आले आहे. तेव्हा त्यांचे म्हणणे अर्धे खरे ठरले आणि त्यांच्या विरोधकांचेही अर्धे.

जेथे पुरावा फसला

थोर माणसांची चरित्रे सांगताना त्यांचे केवळ जयजयकार सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही ती पाळणार नाही. साहनींच्या आयुष्यात एक मोठा वाद असा झाला की त्यात ते चुकले. त्यांच्या जन्मगावाजवळच्या मिठाच्या डोंगरांचे वय काय, हा तो वाद. मिठाच्या खड्यांत आणि भोवतीच्या खडकांत त्यांना लाकडाच्या ऊतींचे सूक्ष्म कण आणि कीटकांचे तुकडे सापडले. जमिनीवर लाकूड निर्माण होण्यापूर्वीच्या मिठात लाकूड कसे असेल? म्हणून हे मीठ तुलनेने अलीकडचे, टर्शरी युगातले असले पाहिजे, असे त्यांनी १९४० नंतरच्या वर्षांत आग्रहाने मांडले. तर्क बिनचूक होता. परंतु मीठ विरघळते आणि पुन्हा थिजते. ते कण मागाहून त्यात शिरले असावेत असे पुढे बहुतेकांचे मत झाले. आज ते मीठ पन्नास कोटी वर्षांहून जुने मानले जाते.

तरीही आम्ही हा प्रसंग त्यांच्या उणेपणाचा मानीत नाही. जे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते त्यांनी लपवले नाही, ज्यांचे मत विरुद्ध होते त्यांच्याशी उघड चर्चा केली, आणि पुरावा सर्वांपुढे ठेवला. पुरावा उघडा असला म्हणजे पुढच्या माणसाला चूक दुरुस्त करता येते. राजमहालच्या त्या होमोझायलॉन लाकडाचेही असेच झाले. त्याचे खरे नाते सायकाससारख्या एका नष्ट झालेल्या गटाशी आहे असे मागाहून मानले गेले आणि १९५४ साली त्याचे नाव बदलले. बदललेले नाव कोणते? सह्निओझायलॉन. दुरुस्ती करणाऱ्यांनीच त्याला साहनींचे नाव दिले.

एका आठवड्याचे अंतर

ह्या शास्त्रासाठी देशात स्वतंत्र संस्था असावी हे साहनींचे जुने स्वप्न होते. १९४६ साली ती लखनौला स्थापन झाली. आपला ग्रंथसंग्रह, आयुष्यभर जमवलेले अवशेष आणि मालमत्ता पती-पत्नींनी तिला देऊन टाकली. इमारतीची कोनशिला साहनींनी स्वतःच्या कल्पनेने तयार करवली. निरनिराळ्या ठिकाणचे आणि काळांचे दगड झालेले वनस्पतींचे अवशेष तिच्यात बसवले होते. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसवण्यात आली.

आणि एका आठवड्याच्या आत, १० एप्रिलच्या रात्री, हृदयविकाराने साहनींचे निधन झाले. वय सत्तावन्न. १९५० साली स्टॉकहोमला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदासाठी त्यांची निवड झाली होती. तो मान घेण्यास ते उरले नाहीत. पाया घातला होता, भिंती उभ्या राहायच्या होत्या.

येथे सावित्रीबाईंचे नाव पुन्हा घेतले पाहिजे. त्या स्वतः शास्त्रज्ञ नव्हत्या. दुःखात बुडून बसण्याचा अधिकार त्यांना होता आणि कोणी दोषही दिला नसता. परंतु त्यांनी संस्थेची धुरा खांद्यावर घेतली. इमारत उभी राहिली. २ जानेवारी १९५३ रोजी नेहरूंनीच तिचे उद्‌घाटन केले. १९५२ पासून संस्थेचे शास्त्रीय नियतकालिक निघू लागले. साहनींच्या नावाने ही संस्था आजही लखनौला काम करीत आहे.

ह्या जीवनाकडे पाहताना आमच्या मनात एक गोष्ट ठसते. सौसरच्या शेतात दगडी लाकूड पूर्वीही पडलेले होते. गुराखी ते पाहत होते, शेतकरी ते बांधावर टाकीत होते. साहनींनी ते वाचले, कारण वीस-पंचवीस वर्षे आधी त्यांनी कुंडीतल्या नेचाच्या गाठीत एक बारीक दोर कसा फुलतो हे पाहण्यात आपले तरुणपण घातले होते. त्या वेळी त्या कामाचा उपयोग काय असे कोणी विचारले असते, तर दाखवण्याजोगे फार थोडे होते. लहान गोष्ट नीट पाहण्याची सवय त्यांना आधी लागली, आणि मोठी गोष्ट तिच्यामागून आली.

आमच्या भागातील शाळा-कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींनी सौसर-छिंदवाड्याकडे गेल्यावर ह्या दगडांकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. दिंडोरी जिल्ह्यात घुघवा येथे तर दगडी झाडांचे राष्ट्रीय उद्यानच आहे. जमल्यास तेही पाहावे. दगड फोडून घरी आणण्याची गरज नाही. त्याआधी ज्वारीचा एक धांडा आडवा कापून उजेडात धरावा आणि त्यातले ठिपके मोजावेत. साहनींच्या विद्येची पहिली पायरी तीच आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.